तुरळक ठिकाणी

परवा दुपारी वाईहून चुलतभावाचा फोन आला. "दादा, आभाळ आलंय. हळद खळ्यावर पसरलीय. पाऊस येईल का रे?"

आता हा प्रश्न मला का, तर मी पुण्यात सिमला ऑफिसपासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं आणि त्या मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकरांनी सिमल्याचंच नाव चिकटवून टाकलं. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र इथेच राहिलं. गावाकडच्या मंडळींची समजूत अशी की एवढ्या जवळ राहणाऱ्या माणसाला पाऊस आधी कळत असणार! वास्तविक मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस. पण भावाच्या त्या प्रश्नानं मला चाळीस वर्षं मागे नेलं, म्हणून हे लिहायला बसलो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा सातवीत असेन. आमच्याकडे हळद असायची. ज्यांनी हळद पाहिली ती फक्त डब्यातली, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शेतातून काढलेली हळद आधी काहिलीत शिजवतात, मग खळ्यावर पसरून दोन आठवडे कडक उन्हात वाळवतात. त्या दोन आठवड्यांत तिच्यावर पाणी पडलं की रंग उतरतो, बुरशी धरते आणि वर्षभराचं पीक कवडीमोलानं जातं. आणि हे वाळवणं येतं नेमकं वळवाच्या दिवसांत.

त्या संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, "मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी गडगडाटासह पावसाची शक्यता आहे." आबा ओट्यावर पान लावत बसले होते. म्हणाले, "तुरळक म्हणजे नाहीच धरायचं." दुसऱ्या दिवशी दुपारी पांडवगडाच्या मागून एक पांढराशुभ्र ढग वर आला. तासाभरात त्याचा डोंगर झाला, बुड काळं पडलं, माथा ऐरणीसारखा चपटा पसरला. आज्जी म्हणाली, "अरे, झाका रे." पण माणसं गोळा होईपर्यंत टपोरे थेंब आलेसुद्धा. अर्ध्या तासात सगळं संपलं आणि पुन्हा ऊन पडलं. मैलभरावरच्या वस्तीवर थेंब नव्हता. आबा खळ्याच्या कडेला उभे होते. काही बोलले नाहीत. रात्री रेडिओ लागला तेव्हा मात्र उठले आणि बंद केला. त्यानंतर आमच्या घरात हवामानाची बातमी कधी कुणी ऐकली नाही. बातम्या संपत आल्या की कान पिळायचा, हा नियमच झाला.

त्या वर्षी शाळेत ढगांचे प्रकार होते. सिरस, स्ट्रॅटस, क्युम्युलस, निंबस. आम्ही ते पाढ्यासारखे पाठ केले. वर्गाच्या खिडकीतून आकाश दिसत होतं, पण बोट दाखवून "हा बघा क्युम्युलस" असं कुणी म्हटलं नाही. त्यामुळे आमची हळद ज्यानं भिजवली त्याचं नाव मला परीक्षेपुरतं पाठ होतं, ओळख मात्र नव्हती.

ही नावं आली कुठून, हे मी फार उशिरा वाचलं. १८०२ च्या डिसेंबरात लंडनमधल्या एका छोट्या विज्ञानमंडळात ल्यूक हॉवर्ड नावाच्या तिशीतल्या गृहस्थानं ढगांवर निबंध वाचला. हा पेशानं औषधं आणि रसायनं बनवणारा. आकाश बघणं हा त्याचा छंद. तोवर लोकांची समजूत अशी की ढग क्षणोक्षणी बदलतो, त्याला नाव काय देणार? हॉवर्डचं म्हणणं होतं की ढग बदलतात हे खरं, पण मन मानेल तसे बदलत नाहीत. त्यांची मूळ रूपं मोजकी आहेत आणि एका रूपातून दुसऱ्या रूपात जाण्याला कारणं आहेत. केसांच्या बटेसारखा तो सिरस, रास घातल्यासारखा तो क्युम्युलस, थर अंथरल्यासारखा तो स्ट्रॅटस आणि पाऊस देणारा तो निंबस. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लामार्कनंही ढगांना नावं दिली होती, पण ती फ्रेंचमध्ये होती आणि टिकली नाहीत. हॉवर्डची लॅटिन होती, म्हणजे कुणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांची झाली. जर्मन कवी गटे तर इतका खूष झाला की त्यानं हॉवर्डवर कविता केल्या. पुढे १८९६ साली ढगांचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रसंग्रह निघाला. आज ढगांचे दहा मुख्य प्रकार मानतात, आणि त्यांची नावं हॉवर्डच्याच शब्दांच्या जोडण्या आहेत.

दहा म्हटलं की घाबरायला होतं, पण उंची लक्षात ठेवली की सोपं आहे. सगळ्यात वर पिंजलेल्या कापसाचे तंतुमेघ. ते पाण्याचे नसून बर्फकणांचे असतात आणि आपल्याकडे साधारण सहा किलोमीटरच्या वर सापडतात. त्यांच्याच घरातला पातळ पडदा चंद्रसूर्याभोवती खळं आणतो, आणि खवल्याखवल्यांचं आभाळ हाही त्यांचाच भाऊबंद. मधल्या थरात मेंढरांचा कळप पांगल्यासारखे ढग, किंवा सूर्य दुधी काचेमागे गेल्यासारखा दिसतो ते मळभ. खाली राशिमेघ आणि स्तरमेघ. दिवसदिवस झड लावतो तो वर्षास्तरमेघ. आणि खालपासून वरपर्यंत सगळे मजले एकट्यानं व्यापणारा तो क्युम्युलोनिंबस, म्हणजे गडगडणारा वळवाचा ढग. त्याचं बुड किलोमीटरभर उंचीवर, तर माथा कधी कधी पंधरा किलोमीटरच्याही वर. पण रुंदी थोडकी. त्यातला एखादा सुटा ढग पाचदहा किलोमीटरचा असतो आणि अर्ध्या-पाऊण तासात जगून मरतो. आमच्या खळ्यावर आला तो हाच.

आपल्याकडे ढगांना नावं नव्हती का? होती, पण वेगळ्या रीतीची. पुष्कर, आवर्त, संवर्त आणि द्रोण हे चार मेघ अजून पंचांगात वर्षफळात भेटतात. कालिदासाचा यक्षही मेघाला आधी त्याचं पुष्कर-आवर्तकांचं कुळ सांगतो आणि मग काम सांगतो. कौटिल्याचं अर्थशास्त्र जास्त व्यवहारी. त्यात सात-सात दिवस बरसणारे मेघ तीन, बारीक तुषार उडवणारे ऐंशी आणि उन्हासोबत येणारे साठ असा हिशेब आहे. पाऊस मोजायचं भांडं आहे, आणि कुठल्या मुलखात किती पडतो याचे आकडेही आहेत. अश्मकात, म्हणजे गोदावरीकाठच्या प्रदेशात, साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस, आणि अपरान्तात, म्हणजे कोकणात, अमाप. ज्यानं कोकणचा पाऊस मोजणं सोडून दिलं त्याला माझा नमस्कार!

बोलीत मात्र आपण ढगाला नव्हे, पावसाला नावं दिली. झड, रिपरिप, भुरभुर, संततधार, सर, वळीव. पडून गेल्यावर किंवा पडताना द्यायची ही नावं आहेत. पडण्याआधीचं सांगायला होती नक्षत्रं. सूर्य सत्तावीस नक्षत्रांतून वर्षभरात फिरतो, म्हणजे एकेक नक्षत्र तेराचौदा दिवसांचं. जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागतो, मग आर्द्रा, मग तरणा, मग म्हातारा. प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की पाऊस भरपूर, कोल्हा आला की शेतकऱ्याचा चेहरा पडायचा. ते वाहन सूर्य आणि चंद्र यांच्या नक्षत्रांमधलं अंतर मोजून काढतात. त्यात त्या वर्षीच्या वाऱ्याचा, वाफेचा किंवा ढगाचा काही संबंध नसतो. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. पंधरवड्यापंधरवड्यानं पुढचा विचार करायची सवय आपल्या शेतकऱ्याला त्यानं लावली. साप्ताहिक अंदाजाची भूक फार जुनी आहे.

ती भूक सरकारी पातळीवर भागवायचा पहिला मोठा प्रयत्न केला तो रॉबर्ट फिट्झरॉय यानं. डार्विनला घेऊन गेलेल्या 'बीगल' जहाजाचा हाच कप्तान. तारायंत्रानं ठिकठिकाणची निरीक्षणं एकत्र येऊ लागल्यावर त्यानं १८६१ साली लंडनच्या वर्तमानपत्रात रोजचा अंदाज छापायला सुरुवात केली. 'फोरकास्ट' हा शब्दही त्यानं मुद्दाम निवडला. हे ज्योतिष नाही, हिशेब करून दिलेलं मत आहे, असं त्याला सांगायचं होतं. लोकांनी ऐकलं ते ज्योतिषासारखंच. चुकला की टिंगल. १८६५ मध्ये त्यानं आत्महत्या केली. त्यामागे इतरही कारणं होती, पण ती टिंगल त्याच्या मनाला लागली होती. पुढच्या वर्षी अंदाज बंद करण्यात आले, ते बऱ्याच वर्षांनी पुन्हा सुरू झाले.

आपल्याकडे १८६४ मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळ आलं, १८६६ मध्ये ओरिसात दुष्काळानं लाखो माणसं गेली, आणि १८७५ साली हवामान खातं स्थापन झालं. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाचा आणि मान्सूनचा संबंध शोधला. त्या आधारावर १८८६ मध्ये मान्सूनचा पहिला नियमित अंदाज निघाला. पुढे १८९९ साली अंदाज होता चांगल्या पावसाचा, आणि पडला तो भीषण दुष्काळ. वर्तमानपत्रांनी एवढी झोड उठवली की पुढे काही वर्षं अंदाज लोकांना सांगायचेच नाहीत, गुपचूप सरकारला द्यायचे, असं ठरलं!

त्यानंतर आले गिल्बर्ट वॉकर, मूळचे गणिती. त्यांनी जगभरचे हवेच्या दाबाचे आकडे तपासून पॅसिफिकवरच्या दाबाचा झोका आणि आपला मान्सून यांचं नातं दाखवलं. मला त्यांची आवडते ती वेगळीच गोष्ट. ऋतूच्या अंदाजाला ते 'फोरकास्ट'सुद्धा म्हणायला कचरत, 'फोरशॅडोइंग' म्हणत. मराठीत सांगायचं तर भाकीत नव्हे, अंदाजही नव्हे, चाहूल. ज्याला आपल्या विद्येची ताकद माहीत असते त्यालाच तिची मर्यादाही माहीत असते, ती अशी.

असो. १९३२ मध्ये पुण्यात शेतीहवामानाचा विभाग सुरू झाला, तो रामदास यांनी उभा केला. १९४५ पासून रेडिओवर शेतकऱ्यांसाठी हवामानाच्या वार्ता लागू लागल्या. आणि तिथेच आमच्या घरातला तो शब्द कधीतरी शिरला. तुरळक.

२००८ साली मी असंच काहीतरी वाचत होतो. त्याच वर्षी जिल्हावार पाच दिवसांचे अंदाज सुरू झाले होते, त्याचं कुतूहल होतं. तेव्हा एका कोष्टकाशी अडखळलो. त्यात लिहिलं होतं की अंदाजातले हे शब्द वाऱ्यावर सोडलेले नसतात, प्रत्येकाला माप असतं. एखाद्या विभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस पडणार असेल तर 'तुरळक ठिकाणी'. २६ ते ५० टक्के असेल तर 'काही ठिकाणी'. ५१ ते ७५ टक्के असेल तर 'बऱ्याच ठिकाणी'. त्याहून जास्त असेल तर जवळजवळ सगळीकडे. आणि तो विभाग म्हणजे वाई नव्हे, सातारा जिल्हाही नव्हे. मध्य महाराष्ट्र म्हणजे खानदेशापासून कोल्हापूरपर्यंतचा सगळा पट्टा.

मी ते पान दोनदा वाचलं. म्हणजे त्या संध्याकाळी रेडिओ खोटं बोलला नव्हता! तो म्हणत होता, या सगळ्या पट्ट्यात चारातल्या एखाद्या ठिकाणी, किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस पडेल. आणि तसाच पडला. ते ठिकाण आमचं खळं निघालं, इतकंच.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आबांना सांगितलं. आबा ऐंशीच्या पुढे होते, ऐकायला कमी यायचं. मी मोठ्यानं, जरा उत्साहातच, सगळं कोष्टक समजावलं. मला वाटलं होतं की त्यांना पटेल, रेडिओवरचा जुना राग निवळेल. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे चारात एकाचं भिजणार, असं सांगत होते?"

"जास्तीत जास्त चारात एक. कमीसुद्धा असेल."

"आरं, मग चारात एक म्हणजे थोडं झालं का? चार माणसं लावून गोळा करायला एक दिवसाची मजुरी. नाही आला पाऊस तर मजुरी गेली. आला तर वर्ष गेलं. दहात एक म्हणाले असते तरी मी झाकली असती."

मी बँकेत माणूस. जोखीम, तारण, बुडीत कर्ज हे माझे रोजचे शब्द. तरी हा हिशेब मला सुचला नव्हता. मला वाटत होतं की अंदाज बरोबर होता म्हणजे प्रश्न मिटला. आबांच्या लेखी अंदाज बरोबर असणं ही निम्मी गोष्ट होती. उरलेली निम्मी म्हणजे तो शब्द खळ्यावरच्या माणसाला काय म्हणून ऐकू येतो. हवामानशास्त्रज्ञाचं 'तुरळक' हे माप होतं. आबांचं 'तुरळक' म्हणजे नसल्यातच जमा. दोघेही प्रामाणिक, शब्दही एकच, आणि मधल्या मध्ये हळद भिजली.

हॉवर्डनं ढगांना नावं दिली तेव्हा फार मोठं काम केलं, यात शंका नाही. नाव असल्याशिवाय लंडनचा माणूस आणि कलकत्त्याचा माणूस एकाच ढगाबद्दल बोलू शकले नसते. पण नाव देऊन काम संपत नाही. फिट्झरॉयचा 'फोरकास्ट' लोकांनी भविष्य म्हणून ऐकला. वॉकरची 'चाहूल' कदाचित सगळ्यात खरी होती, पण तो शब्द जाणकारांच्या लेखांतच राहिला. सव्वाशे-दीडशे वर्षांत शास्त्र कुठच्या कुठे गेलं, आणि शब्द ओट्यापर्यंत पोचवायचं काम दर वेळी मागे राहिलं.

आता दिवस बदललेत, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. पूर्वी अख्ख्या विभागाला मिळून एक वाक्य असायचं, मग जिल्ह्याला पाच दिवसांचे आकडे मिळू लागले. त्यात आकाश ढगांनी किती भरेल तेही असतं, आठ भागांपैकी किती असं. २०१९ साली 'मेघदूत' नावाचं ॲप आलं. कालिदासाला बरं वाटलं असतं. २०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत घडलेली नवी प्रणाली सुरू झाली. ती देशाचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन पाडून हिशेब करते, आधीचा चौकोन बारा किलोमीटरचा होता. वाईकरांना याची किंमत कळेल. महाबळेश्वर आमच्यापासून सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पसरणीचा घाट उतरून खाली आलं की त्याच्या पाव हिस्साही नाही. मोठ्या चौकोनात या दोन गावांची सरासरी निघाली तर ती दोन्ही गावांना खोटी. चौकोन लहान झाल्याशिवाय लहान गावाला अंदाजात जागाच नसते. आणि तरीही सहा किलोमीटरच्या चौकोनात चारसहा किलोमीटरचा वळवाचा ढग नेमका कुठे उठेल, हे दोन दिवस आधी सांगता येत नाही. इथून पुढे माणसानं वर बघायचं असतं.

तर, चुलतभावाचा फोन. मी त्याला विचारलं, "मोबाइलवर काय दाखवतंय?"

"तुरळक ठिकाणी म्हणतंय."

"आणि पांडवगडाकडे काय आहे?"

"एक ढग वाढतोय. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा. आता बुड काळं व्हायला लागलंय."

"चारात एक धरून चाल," मी म्हटलं, "आणि ढग तसा वाढत असेल तर त्याहून जास्त धर. झाक."

"आज माणसं मिळत नाहीत रे दादा, मजुरी किती झालीय माहीत आहे का?"

मी त्याला आबांचा हिशेब सांगितला. तो ऐकत होता की नाही कोण जाणे, मागे ताडपत्री ओढल्याचा आवाज यायला लागला होता.

रात्री मीच फोन केला. पाऊस आला नव्हता. ढग मांढरदेवच्या बाजूला सरकला आणि तिकडेच कुठेतरी कोसळला. मला जरा अपराधी वाटलं. म्हटलं, "तुझी मजुरी फुकट गेली."

"जाऊ दे," तो म्हणाला. "सकाळी परत पसरू. पण आज झोप लागेल."